कोनांच्या जोड्या शिकवताना या चुका टाळा

‘३५° चा पूरककोन किती?’ असं विचारलं की सातवीतली काही मुलं ठामपणे ५५° सांगतात. वजाबाकी बरोबर असते, गडबड शब्दात असते. मराठी पाठ्यपुस्तकात दोन कोनांची बेरीज ९०° तर कोटिकोन, १८०° तर पूरककोन. हिंदीत मात्र ९०° च्या जोडीलाच ‘पूरक’ म्हणतात, १८०° च्या जोडीला ‘संपूरक’. मूल हिंदी व्हिडिओ बघून आलेलं असेल, तर त्याने ऐकलेलं खोटं नाही. चूक म्हणून खोडण्याआधी हे तपासा आणि दोन्ही भाषांतले शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.

पूरककोन एकमेकांना चिकटूनच हवेत, असंही मुलांना वाटतं. ११०° आणि ७०° चे कोन दोन वेगळ्या कागदांवर काढून दाखवा. चिकटून असले आणि बाहेरच्या भुजांची सरळ रेषा झाली, तरच ती रेषीय जोडी.

‘समोरासमोर दिसले की विरुद्ध कोन’ हे वाक्य वर्गात वापरूच नका. खराट्याच्या दोन काड्या मधोमध टाचणीने जोडा आणि कात्रीसारख्या उघडा-मिटा. समोरचे कोन बरोबरीने वाढतात, बरोबरीने कमी होतात. आता एक काडी टाचणीपाशी वाकवा. कोन समोरासमोरच आहेत, पण मापं जुळत नाहीत, कारण भुजा आता विरुद्ध किरण (एकाच सरळ रेषेत उलट दिशांना जाणारे) राहिल्या नाहीत.

सगळ्यात खोल रुतलेली चूक आठवीत दिसते: छेदिका (दोन रेषांना छेदणारी तिसरी रेषा) दिसली की संगत कोन (दोन्ही रेषांपाशी सारख्याच जागी असलेले) समान लिहून मोकळं व्हायचं. फळ्यावर रेषा नेहमी समांतरच काढल्या, तर मुलांना ती अट कधी जाणवणार? वहीच्या दोन छापील रेषांवर ६५° ची तिरकी छेदिका काढून आठही कोन मोजायला लावा; चार ६५° चे, चार ११५° चे. मग खालच्या रेषेऐवजी तिच्याशी १०° कललेली रेषा काढा. खाली आता ७५° आणि १०५° येतात (उलट बाजूला कलली तर ५५° आणि १२५°). विरुद्ध कोन अजून समान, रेषीय जोडी अजून १८०°. मोडले ते फक्त संगत, व्युत्क्रम (छेदिकेच्या उलट बाजूंचे) आणि आंतरकोनांचे (रेषांच्या मधले, छेदिकेच्या एकाच बाजूचे) नियम.

कोनमापकावर ६५ ऐवजी ११५ वाचलं जात असेल, तर मोजण्याआधी ‘लघुकोन की विशालकोन?’ एवढंच विचारा.

समीकरणात रेषीय जोडीतले (३क्ष + १०)° आणि (२क्ष − ५)° समान मांडले, तर क्ष = −१५ येतो आणि कोन −३५° होतो. बेरीज १८०° घेतली की क्ष = ३५. इथेच पेन खाली ठेवू देऊ नका; विचारलेत ते कोन, म्हणजे ११५° आणि ६५°.