गोष्टीसह भेट: प्रेमाच्या प्रतीकांमागील कथा जाणून भेटवस्तू कशी निवडावी

फेब्रुवारी उजाडला की पणजी, मडगाव आणि म्हापशाची दुकाने लाल होऊन जातात. हृदयाच्या आकाराच्या उश्या, मखमली गुलाब, काचेच्या गोळ्यात मान गुंफून बसलेली हंसांची जोडी असे सारे तिथे मिळते. या वस्तू घेण्यात गैर काहीच नाही. मात्र तोच गुलाब प्रेमाचे चिन्ह कसा झाला हे ना देणाऱ्याला ठाऊक असते, ना घेणाऱ्याला, आणि मग चार दिवसांनी ती वस्तू कपाटावर धूळ खात पडते. म्हणून माझे सांगणे असे की भेट निवडण्याआधी तिची गोष्ट निवडावी, आणि ती गोष्ट शेवटपर्यंत वाचावी.

सर्वप्रथम आपल्याला नेमके काय सांगायचे आहे ते एका वाक्यात लिहून काढावे. मागणी घालायची आहे, रुसवा काढायचा आहे, दूर राहणाऱ्या व्यक्तीला आपली आठवण द्यायची आहे, की पंचवीस वर्षांच्या संसाराबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. लाल गुलाबाचेच पाहा. ग्रीक कथेच्या एका रूपात अडोनिसला रानडुकराने जखमी केल्याचे कळताच प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी धावत सुटते, वाटेत पांढऱ्या गुलाबाचे काटे तिच्या पायांत रुततात आणि तिच्या रक्ताने ती फुले लाल होतात. अडोनिस मात्र वाचत नाही. ताजमहालाच्या संगमरवरी प्रतिकृतीचेही तसेच आहे. ती लग्नात हौसेने दिली जाते, पण मूळ इमारत ही 1631 साली चौदाव्या बाळंतपणात मृत्यू पावलेल्या मुमताजची कबर आहे. नवदांपत्याला कबर भेट द्यावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी देणार नाही.

आपल्याकडील कथांत पहिला मान मदनाचा. त्याचे धनुष्य उसाचे, प्रत्यंचा भुंग्यांची आणि बाण पाच फुलांचे: कमळ, अशोक, आंब्याचा मोहोर, नवमल्लिका आणि नीलकमळ. शिवाच्या तिसऱ्या डोळ्यातील अग्नीने तो भस्म झाला म्हणून त्याला अनंग म्हणतात, आणि पुढे कृष्ण-रुक्मिणीचा पुत्र प्रद्युम्न म्हणून तो पुन्हा जन्मला व रतीला परत मिळाला. म्हणजे ही कथा वियोगातून जाऊन भेटीपर्यंत पोहोचते. दुरावा सोसून पुन्हा एकत्र आलेल्यांना ती विशेष शोभते. हे पाच बाण ऋतूप्रमाणे वापरता येतात. नवमल्लिका ही जाई-मोगऱ्याच्या कुळातली. पावसाळ्यात म्हार्दोळची जाई बाजारात येते तेव्हा तिच्याइतकी नेमकी भेट दुसरी नाही. अशोक द्यायचा असेल तर रोप घेताना खात्री करून घ्यावी, कारण बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच, सरळसोट वृक्ष हा खरा अशोक नव्हे; खऱ्या सीता-अशोकाला वसंतात शेंदरी-लाल फुलांचे घोस येतात. आंब्याचा मोहोर मात्र तोडू नये, एवढी विनंती. गोव्यात मोहोर तोडणे म्हणजे मानकुराद आंबा तोडणे. त्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांत मानकुरादाचे अर्धे डझन द्यावे आणि हा मदनाचा पिकलेला बाण आहे असे सांगावे.

ज्यांना स्वतःच्या हाताने काही करायचे आहे त्यांनी पारिजातकाकडे वळावे. नारदाने स्वर्गातून आणलेले एक फूल कृष्णाने रुक्मिणीला दिले, सत्यभामा रुसली, आणि तिची समजूत काढण्यासाठी कृष्णाने इंद्राशी युद्ध करून अख्खा वृक्षच द्वारकेला आणला. लोककथा पुढे सांगते की झाड सत्यभामेच्या अंगणात लागले आणि फुले रुक्मिणीच्या अंगणात पडू लागली. रुसवा काढण्यासाठी ही कथा उत्तम, परंतु तुलनेला जागा राहील अशा रीतीने ती सांगू नये. याच झाडाची दुसरी कथा सूर्यावर भाळलेल्या राजकन्येची आहे. सूर्याने तिला सोडले, तिने देह जाळला, राखेतून हे झाड उगवले आणि म्हणून त्याची फुले सूर्य दिसण्याआधीच गळून पडतात.

या फुलांच्या केशरी देठांपासून रुमाल रंगवता येतो. पावसाळा सरत येताना, रात्री झाडाखाली स्वच्छ चादर अंथरावी आणि पहाटे पडलेला सडा गोळा करावा. पाकळ्या काढून टाकून फक्त देठ सावलीत वाळवावेत. दमट हवेत ते बुरसतात, म्हणून पातळ थर देऊन पंख्याखाली ठेवणे बरे. पुरेसे देठ जमायला आठवडा सहज लागतो, तेव्हा वाढदिवसाच्या आदल्या दिवशी या कामाला लागू नये. दोन-तीन ओंजळी देठ जमले की ते स्टीलच्या पातेल्यात पाण्यासह मंद आचेवर ठेवावेत; लोखंडी भांडे वापरल्यास रंग काळवंडतो. पाणी गडद केशरी झाले की ते गाळून घ्यावे, त्यात चिमूटभर तुरटी विरघळवावी आणि आधी धुऊन ओला केलेला पांढरा रुमाल त्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा. रेशमावर हा रंग सुती कापडापेक्षा अधिक खुलतो. नंतर रुमाल साध्या पाण्यातून काढून सावलीतच वाळवावा. हा रंग कच्चा असतो आणि उन्हात विटतो, हे घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. राजकन्येची गोष्ट ऐकली असेल तर त्याचे नवल वाटणार नाही.

अंगठी देणार असाल तर दोन अंगठ्यांतून निवड करायची आहे. एक रामाची, त्याच्या नावाने अंकित, जी हनुमानाने अशोकवनात सीतेला दिली आणि जिच्या बदल्यात सीतेने आपला चूडामणी पाठवला. दुसरी दुष्यंताची. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत अंगठी नाहीच. ती कालिदासाच्या नाटकात येते. निरोप घेताना दुष्यंत शकुंतलेला सांगतो की माझ्या नावाचे एकेक अक्षर रोज मोज, ते संपेपर्यंत तुला न्यायला माणूस येईल. पुढे दुर्वासाचा शाप, पाण्यात हरवलेली अंगठी, माशाच्या पोटातून तिचे परत येणे हे सर्वश्रुत आहे. मला मात्र अक्षरे मोजण्याची ती कल्पनाच अधिक आवडते, आणि परदेशी किंवा बोटीवर नोकरीला जाणाऱ्याने, जे गोव्यात घरोघरी घडते, ती जरूर उचलावी. पूर्ण नाव कोरून घ्यावे, त्याच्या अक्षरांइतक्या चिठ्ठ्या लिहून द्याव्यात आणि रोज एक उघडायला सांगावे. येणे लांबणार असेल तर तसे आधीच सांगावे. दुष्यंताचे अनुकरण तेवढ्यापुरते टाळावे.

माप घेण्यासाठी बोटाभोवती दोरा गुंडाळावा, पण तो सांध्यावरून सहज निघतो ना हे पाहावे. उन्हाळ्यात बोटे किंचित सुजतात आणि गार सकाळी बारीक होतात, म्हणून संध्याकाळचे माप अधिक विश्वासार्ह. सोने घेताना हॉलमार्कसोबत सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहावा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क असलेले दागिने त्याच्याशिवाय विकता येत नाहीत. 22 कॅरेटवर 916 आणि 18 कॅरेटवर 750 हा आकडा असतो. खडा बसवायचा असेल तर 18 कॅरेट अधिक टिकाऊ. नाव कोरायचे तर पट्टी फार पातळ घेऊ नये.

बजेट बेताचे असेल तर अबोलीची फाती, म्हणजे गुंफलेली माळ, पुरे. अबोलीला वास नाही, पण ती लवकर कोमेजत नाही, आणि ज्याला बोलायला सुचत नाही त्याच्यासाठी तिच्या नावातच सोय आहे. ओवळे, म्हणजे बकुळीची फुले, याच्या उलट: फूल सुकून तपकिरी होते, सुगंध मात्र राहतो. जुन्या जोडप्याने एकमेकांना बकुळ द्यावी.

भेट कोणतीही असो, तिच्यासोबत पत्र असावे, आणि त्यासाठी रुक्मिणीचा आदर्श घ्यावा. भागवताच्या दहाव्या स्कंधातील तिचे पत्र अवघ्या सात श्लोकांचे आहे. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरामुळे ती कथा मराठी घरांत पोहोचली. तुझे गुण ऐकून मी तुला वरले आहे, हे ती आरंभीच सांगते. आणि मग लगेच व्यवहारावर येते. लग्न उद्या आहे, आदल्या दिवशी नववधू नगराबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथे ये. एवढी स्पष्ट वेळ आणि जागा आजच्या मोबाइलवरच्या संदेशांतही सापडत नाही. पत्र हाताने लिहावे. पहिल्या दोन ओळींत मनातले सांगावे, मग वस्तूची कथा चार वाक्यांत द्यावी, आणि शेवटी पुढे कधी, कुठे भेटायचे ते लिहावे. पारिजातकाची फुले सोबत देणार असाल तर ती केळीच्या पानात सैल बांधून सकाळी सातच्या आत पोहोचवावीत. दहा वाजेपर्यंत ती मलूल होतात.