उताऱ्याचा सांगाडा आधी, अवघड शब्द नंतर

परदेशात शिकायला जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेत, म्हणजे आयईएलटीएसच्या अकॅडमिक परीक्षेत, वाचनाला ६० मिनिटं असतात आणि तेवढ्यात ३ लांबलचक उतारे, ४० प्रश्न. उत्तरं उतरवून काढायलाही वेगळा वेळ मिळत नाही. हे उतारे कथा-कादंबरीतले नसतात. एखादी गोष्ट कशी घडते, का घडते, ते समजावून सांगणारे असतात. नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या वर्गात काटोल, सावनेर, उमरेडकडची बरीच मुलं येतात, इथे खोली करून राहतात. त्यांचं इंग्रजी मुळीच कच्चं नसतं. ती अडतात वाचण्याच्या पद्धतीवर. दुसऱ्याच ओळीत अनोळखी शब्द आला की तिथे थांबतात, मागे जातात, पुन्हा वाचतात आणि तिसऱ्या उताऱ्याला दहाच मिनिटं उरतात.

म्हणून सरावाची सुरुवात ओळखीच्या विषयापासून करा. मी त्यासाठी संत्र्याच्या बहरावर इंग्रजीत एक उतारा लिहिला आहे. पहिल्या परिच्छेदात दोन बहर येतात: आंबिया, ज्याची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, आणि मृग, जो पावसाळ्याच्या तोंडाशी फुलतो. दुसऱ्यात झाडाला ताण कसा देतात ते सांगितलं आहे. पाणी तोडलं की वाढ थांबते, आणि नंतर खत-पाणी दिलं की झाड फुलतं. तिसऱ्यात जमिनीचा फरक आहे, चौथ्यात ताण जास्त झाला तर पानगळ होऊन झाड खचतं, हा इशारा.

आता पेन्सिल घ्या. शीर्षक आणि पहिला परिच्छेद पूर्ण वाचा, पुढच्या प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात आणि शेवट वाचा. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको. वाचताना समासात एक-दोन शब्द लिहा, आणि ते मराठीत लिहा. परिच्छेदात काय लिहिलंय ते नको, तो परिच्छेद कोणतं काम करतोय ते लिहा: प्रकार, कारण, तुलना, इशारा. माझ्या उताऱ्याचा सांगाडा एवढाच आहे. प्रश्न आला की कुठे जायचं ते यावरून लगेच कळतं. मुलांना हे वेळ घालवणं वाटतं. माझं मत ठाम आहे, हीच दोन मिनिटं पुढची सात-आठ वाचवतात.

नुसत्या पहिल्या वाक्यावर मात्र विसंबू नका. माझ्या तिसऱ्या परिच्छेदाची सुरुवात 'पाणी तोडल्यावर काही आठवड्यांत ताण बसतो' अशी आहे. दुसऱ्या वाक्यात 'हाउएव्हर' येतो आणि खरा मुद्दा तिथे सुरू होतो: हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून जास्त दिवस लागतात. परिच्छेदाला मथळा जुळवायच्या प्रश्नात चुकीचा पर्याय अनेकदा त्या पहिल्या वाक्यातून उचललेला असतो. 'हाउएव्हर', 'येट', 'अनलेस', 'व्हेअरॅज' दिसला की त्याच्याभोवती गोल करा.

अवघड शब्दांचं काय? दुसऱ्या परिच्छेदात 'डॉर्मन्सी' आहे. तिथे थांबू नका, वाक्य शेवटपर्यंत वाचा. स्वल्पविरामानंतर त्याचा खुलासा दिलाच आहे: वाढ थांबलेला काळ. समजावून सांगणारं लिखाण आपल्या पारिभाषिक शब्दांचा अर्थ बहुधा जवळच देतं. आणि नसेल दिला, तर प्रश्नात तो शब्द आहे का ते बघा. नसेल तर सोडून पुढे जा.

सगळ्यात जास्त गुण जातात ते 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'मध्ये, म्हणजे दिलेलं विधान उताऱ्यानुसार बरोबर, चूक, की त्याबद्दल उताऱ्यात काहीच नाही, हे ठरवायच्या प्रश्नांत. माझ्या सरावात एक विधान आहे: मृगाची फळं आंबियापेक्षा गोड असतात. काटोलकडचा एक मुलगा 'ट्रू' लिहून माझ्याशी वाद घालत होता. "मॅडम, आमच्या वावरातच संत्री आहेत, मला माहीत नसेल का?" त्याला माहीत असेलही. पण उताऱ्यात गोडीबद्दल एक अक्षर नाही, तर उत्तर 'नॉट गिव्हन'च. दुसरं विधान: भारी जमिनीत ताण लवकर बसतो. उतारा याच्या नेमकं उलट सांगतो, म्हणून 'फॉल्स'. 'फॉल्स' लिहायचं असेल तर विधान खोडून काढणाऱ्या वाक्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. ठेवता आलं नाही तर 'नॉट गिव्हन'. विषय जितका ओळखीचा, तितकं हे जपा. या प्रकारची उत्तरं उताऱ्यात क्रमानेच येतात, म्हणजे चौथ्याचं उत्तर तिसऱ्याच्या पुढेच शोधायचं.

गाळलेल्या जागांमध्ये शब्दमर्यादा पाळा. दोन शब्द सांगितले असतील तर तिसरा लिहिला की गुण गेला. स्पेलिंग उताऱ्यातूनच बघून लिहा. उत्तर चुकलं तर तो गुण मिळत नाही, पण आधी मिळालेले गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी ठेवू नका.

वेळ सारखा वाटू नका. तिसरा उतारा बहुधा सगळ्यात जड असतो, म्हणून मी १७, २० आणि २३ मिनिटं अशी वाटणी करायला सांगते.

घरच्या सरावासाठी 'हितवाद' हे इंग्रजी दैनिक घ्या, पण अपघात-निवडणुकीच्या बातम्या त्यासाठी उपयोगाच्या नाहीत. शेती, आरोग्य, पाणी, विज्ञान यांवरचा एखादा लेख निवडा. समासात परिच्छेदांची कामं लिहा, मग लेख पालथा घालून नुसत्या त्या शब्दांवरून तो खोलीतल्या मित्राला मराठीत सांगा. जिथे अडखळाल, तो परिच्छेद पुन्हा वाचा.