कथेत संवाद आहेत तरी कथा पडते? या चुका टाळा

निवेदन कमी करा, संवाद वाढवा, हे सगळेच सांगतात. मग होतं काय, लोक निवेदनालाच अवतरणचिन्हं लावतात आणि झाला म्हणतात संवाद. "दादा, तुला तर माहितीचय, बाबा जाऊन तीन वर्षं झाली, आपली चार एकर कोरडवाहू, त्यात आईचं ऑपरेशन..." अरे, दादाला माहितीय ना, मग सांगतोयस कुणाला? वाचकाला. आणि वाचकाला ते लगेच कळतं.

याहून मोठी चूक म्हणजे पात्र मनातलं सगळं बोलून मोकळं होतं. समजा एकजण मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीन घेऊन आलाय, घरी पैशाची नड आहे. "शेठ, मला पैशाची लई गरज हाय" असं लिहिलं की संपलं सगळं. त्यापेक्षा हे बघा:

"ओल बघ, मशीन चौदा दाखवायलंय."
"चांगलं वाळवून आणलंय की शेठ."
"मग ने माघारी, आणखी दोन दिस वाळव."
"कट्टे उतरवलेत आता... पट्टी आजच निघंल ना?"

ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की भाव पाडायला निमित्त मिळतं, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नडीचा उल्लेख कुठंच नाही, पण पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशाचा हिशोब, ती आजच निघंल का या प्रश्नात सगळं आलं. आता याच्या खाली "तो हताशपणे म्हणाला" जोडू नका, हात शिवशिवतात माहितीय, तरी नको.

बोलीचं पण बघा. मराठवाडी म्हणजे एकच असं धरून बीड-जालन्याकडचं "मपलं-तुपलं" अन् उदगीर-देगलूरकडचं "करूलालाव" एकाच माणसाच्या तोंडी घातलं की त्या भागातला वाचक तिथंच हसतो. गाव आधी ठरवा, मग बोली. आणि तहसीलदार, मुकादम, म्हातारी सगळे एकसारखेच बोलत असतील तर नावं झाकून मोठ्यानं वाचून बघा, कोण बोलतंय ते कळतं का.

हे जमायला लागलं की काहीजण अख्खी कथाच संवादात लिहायला लागतात, ती वेगळीच पंचाईत. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीची टोळी निघाली, कारखान्यावर पाच-सहा महिने गेले, तरी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही, हे निवेदनात एका ओळीत उरकतं, उरकू द्या. उचल देताना मुकादम काय बोलला आणि बाईनं मधीच काय विचारलं, तेवढं संवादात घ्या.