गणपतीत म्यानमारचा देखावा उभा करायचा तर

मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येणारच, "आपल्याला काय त्याचं?" तेव्हा मंडालेचं नाव घ्या. सार्वजनिक गणपती ज्यांनी गावोगावी पोचवला ते लोकमान्य १९०८ ते १९१४ तिथल्याच तुरुंगात होते. आमच्या वर्तकनगरच्या कमिटीत यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

रणगाडे, रक्त, बंदुका यातलं काही करू नका. हौशी नाटकांचं नेपथ्य करतो म्हणून सांगतो, पुठ्ठ्याचा रणगाडा केला की पोरं त्याच्यासमोर सेल्फी काढतात, बास. त्यापेक्षा यांगूनमधली एक गल्ली करा. भंगारवाल्याकडून गाडीचं जुनं बॉनेट आणा आणि उघडं ठेवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा तिथल्या लोकांनी "गाडी बंद पडली हो" म्हणत असेच रस्ते अडवले होते.

खरी गंमत दोरीवरच्या कपड्यांत आहे. थमेइन म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र. त्याच्याखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं, अशी तिथली जुनी समजूत. मुलींनी त्या मार्चमध्ये गल्लीगल्लीत थमेइन वाळत घातली आणि शिपाई खाली थांबून ती काढत बसले. जुनी छापील सुती साडी घ्या, तीन तुकडे करा, टोकं शिवा, झालं थमेइन. दोरी माणसाच्या डोक्यावर हातभर उंच बांधा. मात्र मूर्तीकडे जाणाऱ्या वाटेवर नको, बाजूच्या गल्लीतच. काकवा भांडतील आणि त्यांचं चूकही नाही.

आता भांडी. लष्कराच्या त्या बंडाच्या दुसऱ्याच दिवसापासून रात्री आठला यांगूनच्या घराघरांत पातेली वाजू लागली. भूत-पिशाच्च हाकलायची तिथली ही जुनी रीत. पण आपल्याकडे थाळी वाजली की लोकांना २२ मार्च २०२० आठवतो. म्हणून निवेदनात आधीच सांगा: आपल्या थाळ्या सरकारच्या सांगण्यावरून वाजल्या, त्यांची पातेली सरकार बळकावणाऱ्यांच्या विरोधात. प्रेक्षकांनाही वाजवू द्या, फक्त आरतीच्या वेळी नाही. स्टीलपेक्षा जर्मनचं पातेलं घ्या, कानाला सुसह्य असतं.

निवेदन अडीच मिनिटांच्या वर नेऊ नका, रांग तुंबते. नोव्हेंबर २०२० ची निवडणूक आंग सान सू ची यांच्या पक्षाने जिंकली, लष्कराने घोटाळ्याचा आरोप केला आणि १ फेब्रुवारीला सत्ता घेतली, एवढं पुरे. मग च्याल सिन. एकोणीस वर्षांची आंदोलक मुलगी, ३ मार्चला मंडालेत गोळी लागून गेली. अंगातल्या काळ्या टीशर्टवर इंग्रजीत लिहिलेलं होतं, सगळं ठीक होईल. तो टीशर्ट नुसता हँगरला लावा. पुतळा नको, मागे करुण बासरी तर अजिबात नको.

शेवटच्या फलकावर "आंदोलन यशस्वी" वगैरे लिहू नका. त्यातली कितीतरी पोरं पुढे जंगलात जाऊन बंदूक शिकली, हेही लिहा.

आणि दानपेटी देखाव्यापासून लांब ठेवा. लोकांना वाटतं पैसे म्यानमारला जाणार.