गॅसचा ओव्हन काढून विजेचा बसवताय? या चुका टाळा

विजेचा ओव्हन घरी आला त्याच दिवशी नानकटाईचा पहिला ट्रे लावला. वीस मिनिटांत घरभर वास सुटला, पण तुपाचा नाही, प्लास्टिकचा. प्लग काढायला गेले तर तो सॉकेटला चिकटलेला. ओढून काढला तेव्हा एक पिन काळीठिक्कर झाली होती आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक खव्यासारखं मऊ लागत होतं. ओव्हन दोन हजार वॅटचा, आणि जोडणाऱ्याने तो कन्व्हर्टर (मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवणारा जोड) लावून मिक्सरच्या सॉकेटमध्ये खुपसून दिला होता. "वहिनी, चालून जाईल हो, सगळे असंच वापरतात."

नाही चालत. 2000 ला 230 ने भागा, पावणेनऊ अँपिअरच्या आसपास येतात. मिक्सरचं सॉकेट असतं 6 अँपिअरचं. मिक्सर दोन मिनिटं फिरून थांबतो, ओव्हन तासभर ओढत बसतो. त्याला 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा आणि तोही मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र ओढलेल्या लाइनवर. दोन हजारापर्यंतच्या ओव्हनला अडीचची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर आणि 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच) पुरतो. ओट्याखाली बसवायचा मोठा, तीन हजार वॅट किंवा त्याहून जास्तीचा घेत असाल तर चारची वायर टाका. आमच्यासारखं जुनं घर असेल, लाकडी पट्टीतून वायरिंग गेलेलं, तर त्या पट्टीतून ही लाइन नेऊच नका. एक्स्टेन्शन बोर्डाचं तर नावच काढू नका. वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तोही एकदा बघून घ्या. गीझर, पंप आणि ओव्हन एका वेळी चालले तर तो ओलांडला जातो.

अर्थिंग आहे असं धरून चालणं

आम्ही दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. इथली खारी हवा लोखंड खाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तांब्यालाही सोडत नाही. अर्थिंगच्या खड्ड्याजवळची पट्टी मी उघडून पाहिली तर नटाखाली हिरवट कळंक चढलेला, आणि तार हाताने हलवली तर सुटून हातात आली. म्हणजे भोक होतं, पिन होती, पण अर्थिंग नव्हतं. खाली जांभा दगड असेल तर आणखी पंचाईत. पावसाळ्यात मापलं तर आकडा बरा येतो, आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की तेच अर्थिंग निकामी. म्हणून मोजायचं ते उन्हाळ्यात, अर्थ टेस्टरने. 5 ओहमच्या आत आलं तर उत्तम. उन्हाळाभर त्या खड्ड्यात आठवड्याला दोन कळशा पाणी घालत जा.

ओव्हनच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार असेल तर ओव्हन बदलू नका, आधी अर्थिंग बघा. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात आणि वर "झालं काम" म्हणतात. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. असं कोणी करत असेल तर चहा पाजून परत पाठवा.

आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) पडतो म्हणून तो काढून टाकणं

ऑगस्टमध्ये हमखास येणारी तक्रार: ओव्हन चालू केला की घरातली लाइट जाते. बरेचदा ओव्हन बिघडलेला नसतो, तो दमट झालेला असतो. ओव्हन तापवणाऱ्या रॉडच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती ओल धरते. महिना-दोन महिने ओव्हन बंद राहिला की त्या ओलीतून थोडा करंट पत्र्याकडे गळतो आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आपलं काम चोख करतो. त्याला बगल देऊन ओव्हन चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. मेकॅनिककडून रॉड तपासून, वाळवून घ्या. आणि मुळात ही वेळ येऊ नये म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रिकामा ओव्हन पंधरा मिनिटं तापवा. मागची जाळी भिंतीला चिकटवू नका. चार बोटं जागा सोडा, आणि अधूनमधून तिथे डोकावा. आमच्याकडे पालीने अंडी घातली होती.

गॅसच्या नळीचं टोक तसंच सोडणं

आमची जुनी रेंज म्हणजे वर चार बर्नर, खाली ओव्हन. ती भंगारात दिली आणि मग लक्षात आलं की चहा कशावर करायचा! दोन बर्नरची शेगडी आधी आणून ठेवा. ओव्हनकडे जाणारी तांब्याची नळी असेल तर व्हॉल्व्ह नुसता बंद करून भागत नाही, टोकाला पितळी प्लग बसवून साबणाच्या पाण्याने बुडबुडे तपासून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर ओट्याखालच्या कपाटात साचून राहतो. हे काम गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्या. सिलिंडर मात्र परत करू नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि घरच्या इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही.

जुन्याच हिशोबाने भाजणं

गॅस जळताना वाफही तयार होते, म्हणून त्या ओव्हनमध्ये केक ओलसर राहायचा. विजेची आच कोरडी. तोच केक त्याच वेळेत काढला तर कडा सुकतात. दहा मिनिटं आधीपासून सळई खुपसून बघायला लागा, आणि ओव्हनमधला पंखा चालू असेल तर तापमान 20 अंशांनी कमी ठेवा. नानकटाई वरून पांढरी आणि खालून करपलेली निघत असेल तर ट्रे एक घर वर सरकवा.

आणि कधी कधी चूक तुमची नसतेच. मे महिन्यात चाकरमानी आले की संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे व्होल्टेज 180 वर येतं. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे दोन हजारांचा ओव्हन बाराशे वॅटवर येऊन बसतो. केक फुगत नाही म्हणून मी बेकिंग पावडरला शिव्या घातल्या होत्या. आता ऑर्डरचं भाजणं सकाळी अकराच्या आत उरकते.

धोंडसाला (मोठ्या काकडीचा, म्हणजे तवशाचा, गूळ घालून केलेला केक) मात्र हा ओव्हन गॅसच्या ओव्हनपेक्षा सरस निघाला. सासूबाई तवशाचं धोंडस चुलीवर करायच्या, पातेल्याखाली मंद जाळ आणि झाकणावर निखारे. गॅसच्या ओव्हनला वरची आचच नव्हती. इथे खालचे-वरचे दोन्ही रॉड चालू करून 170 अंशांवर पाऊण तास ठेवलं, पहिल्याच खेपेला वरचा पापुद्रा तसाच लालसर आला. सासूबाईंनी कोपरा मोडून खाल्ला आणि म्हणाल्या, "गूळ कमी पडला."