पेशींवर नेमके काय पडले? धातूंच्या कॉम्प्लेक्सची कर्करोग-चाचणी करताना या चुका टाळा

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी एम.एस्सी.चे प्रकल्प-अहवाल आणि अधूनमधून पीएच.डी.चे प्रबंध माझ्याकडे तपासायला येतात. त्यांत तांबे, जस्त, रुथेनियम किंवा प्लॅटिनमचे एखादे नवे कॉम्प्लेक्स (मध्ये धातू आणि त्याला धरून बसलेले रेणू किंवा आयन, म्हणजे लिगंड, असे संयुग) असते, शेवटच्या प्रकरणात एमसीएफ-७ किंवा हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवरचा एक तक्ता असतो आणि तक्त्याखाली ‘सिसप्लॅटिनपेक्षा प्रभावी’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचे प्लॅटिनमयुक्त औषध. तक्त्यातला आकडा म्हणजे आयसी-५०, अर्थात पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा. मी विचारते, की प्लेटच्या त्या कप्प्यात पेशींवर जे पडले ते तुम्ही बनवलेले कॉम्प्लेक्सच होते याचा पुरावा कुठे आहे. बहुतेक वेळा या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

या शाखेचा जन्मच त्या प्रश्नातून झालेला आहे. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांनी विद्युतक्षेत्राचा जीवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहायला प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड वापरले आणि जीवाणू विभाजन थांबवून लांबच लांब दोऱ्यांसारखे वाढू लागले. विजेचा परिणाम म्हणून तिथेच थांबता आले असते. पण त्यांनी भांड्यातल्या द्रावणात काय तयार झाले आहे त्याचा माग काढला आणि इलेक्ट्रोडमधून विरघळलेल्या प्लॅटिनमची संयुगे हे खरे कारण असल्याचे १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. पेरोने यांनी १८४४-४५ च्या सुमारास बनवलेले जुनेच संयुग, म्हणजे आजचे सिसप्लॅटिन, अशा रीतीने १९७८ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरचे औषध म्हणून मान्य झाले.

आता सर्वांत मोठ्या चुकीकडे येते, ती म्हणजे डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) हा द्रावक. कॉम्प्लेक्स पाण्यात विरघळत नाही म्हणून ते डीएमएसओत विरघळवायचे, बाटलीवर नाव-तारीख घालायची आणि फ्रीजरमध्ये ठेवून महिनोन्‌महिने वापरायची, ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी विचारही करत नाही. डीएमएसओ हा निरुपद्रवी द्रावक नाही. त्याच्या रेणूतले गंधक प्लॅटिनमला घट्ट धरते आणि सिसप्लॅटिनमधला एक क्लोराइड बाहेर ढकलून स्वतः त्याच्या जागी बसते. काही तासांनंतर बाटलीत मोठ्या प्रमाणात वेगळेच संयुग असते. रुथेनियमच्या अनेक क्लोराइड कॉम्प्लेक्सचेही असेच होते.

काही वर्षांपूर्वी माझ्याच एका विद्यार्थिनीने प्लॅटिनमचे एक कॉम्प्लेक्स बनवले होते. आमच्याकडे पेशी वाढवण्याची सोय नसल्यामुळे तिने नमुने बर्फाच्या डब्यात घालून एस.टी.ने बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत नेले आणि महिनाभराने निकाल आला, की तिचे कॉम्प्लेक्स सिसप्लॅटिनपेक्षा कितीतरी पट प्रभावी आहे. विभागात पेढे वाटले गेले, परिषदेसाठी पोस्टर छापायला गेले. मला मात्र सिसप्लॅटिनचा आकडा खटकत होता, कारण छापील शोधनिबंधांत त्या पेशींसाठी जे आकडे सापडतात त्यांच्यापेक्षा तो फारच मोठा, म्हणजे सिसप्लॅटिन फारच दुबळे दिसत होते. मी फोन करून विचारले तेव्हा कळले, की तुलनेचे सिसप्लॅटिन डीएमएसओत विरघळवून दीड महिना फ्रीजरमध्ये ठेवलेले होते. आमचीही चूक होतीच, कारण कोणता द्रावक वापरायचा याची एक ओळही आम्ही नमुन्यासोबत लिहून दिली नव्हती. ताज्या सलाइनमधले सिसप्लॅटिन घेऊन चाचणी पुन्हा झाली तेव्हा तिचे कॉम्प्लेक्स मागे पडले. पोस्टर मागे घ्यावे लागले आणि ती मुलगी दोन दिवस विभागात आली नाही. तिचे कॉम्प्लेक्स वाईट नव्हते. आम्ही त्याची तुलना मेलेल्या औषधाशी केली होती.

तेव्हापासून माझ्या विभागात सिसप्लॅटिन ०.९ टक्के मिठाच्या पाण्यातच विरघळते. ३ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये घेतले की १ मिलिमोलर द्रावण होते. ते त्याच दिवशी बनवायचे, उजेडापासून झाकायचे आणि फ्रीजमध्ये ठेवायचे नाही, कारण गारठ्याने ते खाली बसते. मात्र सगळ्यांनाच सलाइन चालत नाही. ऑक्झॅलिप्लॅटिन रुग्णालयातही ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये देतात, कारण त्याला क्लोराइड सोसत नाही. नव्या कॉम्प्लेक्ससाठी डीएमएसओ टाळताच येत नसेल तर मी आधी साधा कंडक्टिव्हिटी मीटर काढते. द्रावण बनवल्याबरोबर, एका तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी वाहकता मोजायची. विद्युतभार नसलेल्या कॉम्प्लेक्सची वाहकता चढू लागली की आत काहीतरी सुटते आहे हे कळते. रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर यंत्रावर वेळ मिळण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि हा मीटर प्रत्येक महाविद्यालयात धूळ खात पडलेला असतो. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगते. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठते, त्यामुळे नाशिकच्या जानेवारीत सकाळी चांगली बाटली दगडासारखी घट्ट झालेली असते. तशा थंडीतही जी बाटली पातळच राहते तिने हवेतले पाणी ओढलेले असते. ती चाचणीसाठी वापरू नये.

दुसरी चूक तांब्याची, आणि ती समजावून सांगायला मला द्राक्षबागेइतके चांगले उदाहरण सापडलेले नाही. बोर्डो मिश्रण करताना १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घेतात, आणि फवारण्याआधी जाणता बागायतदार त्यात चकचकीत विळा बुडवून पाहतो. विळ्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, ते पाने जाळील, म्हणून चुना वाढवायचा. निफाड-दिंडोरीकडच्या घरांतून आलेल्या मुलांनी हे लहानपणापासून पाहिलेले असते, तरी तीच मुले प्रयोगशाळेत तांब्याचे कॉम्प्लेक्स पेशींवर घालतात आणि मोकळ्या तांब्याची चौकशी करत नाहीत. मोकळे तांबे पेशींना विषारी असते. त्याहून फसवे असतात काही लिगंड: १,१०-फेनॅन्थ्रोलीन धातूशिवाय एकटेच पेशी मारते, आणि माध्यमातल्या प्रथिनांनी व अमिनो आम्लांनी तांबे ओढून घेतले की हे फेनॅन्थ्रोलीन मोकळे होते. मग श्रेय कॉम्प्लेक्सला कसे द्यायचे?

यावर उपाय कंटाळवाणा असला तरी मी त्यात सूट देत नाही. एकाच प्लेटवर, एकाच दिवशी कॉम्प्लेक्स, नुसता लिगंड, नुसते धातूचे क्षार, दोन्हींचे त्याच प्रमाणातले साधे मिश्रण आणि नुसता द्रावक, असे पाचही असले पाहिजेत. “मॅडम, चाचणीचे पैसे नमुन्यामागे लागतात,” असे मुले म्हणतात आणि ते खरेच आहे. अशा वेळी मी सहा कॉम्प्लेक्सऐवजी दोनच पाठवायला सांगते. कंट्रोल, म्हणजे असे तुलनेचे नमुने, नसलेल्या सहा आकड्यांपेक्षा कंट्रोल असलेले दोन आकडे मला हजारपट मोलाचे वाटतात. सहा महिन्यांत शोधनिबंध हवा असलेल्यांना ही अट जाचते. त्यांनी दुसरा विषय घ्यावा असे मी स्पष्ट सांगते.

पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीवर आंधळा विश्वास ठेवणे ही त्याच जातीची चूक आहे. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळे फॉर्मॅझान करतात आणि तो रंग ५७० नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. पण मोकळा थायॉल (गंधक-हायड्रोजन) गट असलेली संयुगे हेच काम पेशींशिवायही करतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात, आणि गडद रंगाचे कॉम्प्लेक्स स्वतःच प्रकाश शोषते. पेशी नसलेल्या काही कप्प्यांत माध्यम, कॉम्प्लेक्स आणि एमटीटी घालून पाहावे. तिथे जांभळा रंग आला तर पेशींतली प्रथिने रंगवणारी एसआरबी चाचणी निवडावी.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. स्फटिकातले पाणी रेणुभारात धरलेले नसते. ४५० रेणुभाराच्या कॉम्प्लेक्ससोबत पाण्याचे दोन रेणू असतील तर मात्रा ७ टक्क्यांहून अधिक चुकते. कप्प्यात डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये. प्लेटच्या कडेच्या कप्प्यांतले पाणी लवकर उडते, म्हणून तिथे नुसते माध्यम ठेवावे. तळाशी साका बसला आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. २४ तासांच्या आकड्याची ७२ तासांच्या आकड्याशी तुलना करू नये. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून घ्याव्यात, शेजारच्या विभागातून मागून आणू नयेत, कारण हेला पेशी दुसऱ्या पेशींत शिरून त्यांची जागा घेतात हे अनेक दशके माहीत आहे. निरोगी पेशींवरची चाचणी नसेल तर ‘निवडक’, म्हणजे फक्त कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करणारे, हा शब्द लिहूच नये.

शेवटची चूक प्रयोगशाळेबाहेरची आहे. आमच्या एका प्रकल्पाची छोटी बातमी एकदा स्थानिक वर्तमानपत्रात आली आणि मथळ्यात ‘कर्करोगावर औषध’ असे छापले गेले. चार दिवसांनी सिन्नरकडून एक बाई पतीचे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून विभागात आल्या आणि हे औषध कधी मिळेल, असे त्यांनी विचारले. मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि सांगितले, की ताई, हे अजून फक्त प्लास्टिकच्या प्लेटमधल्या पेशींवर घालून पाहिले आहे, प्राण्यांवरही नाही. यजमानांचे डॉक्टर जे उपचार देत आहेत ते थांबवू नका. त्यांनी रिपोर्ट पुन्हा पिशवीत घातले, दोनदा नीट घडी घालून. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रबंधाच्या शीर्षकातला ‘औषध’ हा शब्द मी लाल पेनाने खोडते आणि त्याच्या जागी ‘पेशींवरील विषारी परिणाम’ असे लिहून सही करते.