स्वतः वाट शोधणाऱ्या गाडीला कामातला भिडू कसे करावे

चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात माल वाहण्यासाठी स्वतः वाट शोधणारी गाडी, म्हणजे एएमआर, आणायची ठरली की तिला नाव द्यावे, पुढे डोळे रंगवावेत, अशी सूचना हमखास येते. तसे करायला हरकत नाही. मात्र कामगार तिला भिडू मानू लागतात ते दुसऱ्याच कारणाने. क्लिफर्ड नॅस, बी. जे. फॉग आणि यंगमी मून या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांच्या मनगटावर संगणकाच्याच रंगाची पट्टी होती, तर काहींना तुमचे आणि संगणकाचे मूल्यमापन एकत्र होईल, असे सांगितले होते. रंगाने फारसे साधले नाही. यश एकमेकांवर अवलंबून आहे हे कळलेल्यांनी मात्र संगणकाला आपल्या गटातला मानले.

म्हणून आरंभ टार्गेटपासून करावा. गाडीच्या फेऱ्या त्या लाइनच्या शिफ्टच्या उत्पादनातच धराव्यात आणि ती अडल्याने गेलेला वेळ ऑपरेटरच्या माथी मारू नये. आमच्या शॉपफ्लोअरवर मी हे उशिरा केले; तोवर लोक तिच्या वाटेत मुद्दाम पॅलेट, म्हणजे माल रचायची फळी, ठेवत होते, आणि त्यात त्यांची चूक होती असे मला आजही वाटत नाही.

कबड्डीत साखळी धरलेल्या खेळाडूला शेजाऱ्याचा इरादा हाताच्या पकडीवरून कळतो. गाडीच्या बाबतीत ते काम वळण्यापूर्वी लागणारा दिवा आणि थांबल्यावर दिसणारे कारण यांनी करायचे असते; पडद्यावर नुसता एररचा आकडा येण्याऐवजी ‘समोर पॅलेट आहे, वाट पाहत आहे’ असे मराठीत आणि हिंदीत लिहून घ्यावे.

सर्वांत जास्त वेळ विश्वासाच्या मापाला द्यावा. विश्वास कमी पडला तर यंत्र कोपऱ्यात पडून राहते, आणि जास्त झाला तर माणूस पाहणेच सोडतो. जॉन ली आणि कॅटरिना सी या संशोधकांनी २००४ मध्ये मांडल्याप्रमाणे तो यंत्राच्या खऱ्या क्षमतेएवढा असावा लागतो. गाडीचा लेझर स्कॅनर जमिनीलगत एकाच पातळीत पाहणारा असेल, तर त्या पातळीच्या वर बाहेर आलेला माल किंवा फोर्कलिफ्टचे उचललेले दाते त्याला दिसत नाहीत. हे तोंडी सांगून भागत नाही. वाट मोकळी करून, रिकामे खोके स्कॅनरच्या पातळीच्या वर, पण गाडीच्या उंचीत टांगून, गाडी त्याला धडकते हे सर्वांना दाखवावे. संशोधक लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते की सोपे काम यंत्राकडे गेले की अवघड प्रसंग माणसाकडे उरतात आणि त्याचा सराव मात्र सुटतो. त्यामुळे आठवड्यातून एखादा तास माल हातगाडीने न्यावा.

खंडेनवमीला लेथबरोबर गाडीलाही हार घालायचे कामगारांनी आपणहून ठरवले, तर आनंदाने घालू द्यावा, फक्त तो स्कॅनरसमोर लोंबणार नाही हे पाहावे. शिफ्ट बदलताना ‘तिला तीन नंबरच्या खांबापाशी वाट मिळत नाही’ अशी नोंद कोणी न सांगता रजिस्टरमध्ये येऊ लागली, म्हणजे काम मार्गी लागले. त्याऐवजी ‘ती बघून घेईल’ असे ऐकू येऊ लागले, तर खोक्याचे प्रात्यक्षिक त्याच आठवड्यात पुन्हा घ्यावे.